रेघा म्हणजे चाला

गर्डर तपासण्यात एकवीस वर्षं गेली.
गुडघा गेला तेव्हा साइट सुटली
आणि मरोळच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर,
साहेब म्हणाले, नाखरे, तुमचं मराठी बरं आहे,
यंदा शाश्वतता आणि समावेशन तुम्ही लिहा.

लिहिलं.
डेपोच्या छपरावरची सौर तावदानं.
वाचलेला कार्बन, टनांत.
लावलेली झाडं पहिल्या पानावर, तोडलेली परिशिष्टात.
एक भेंड मुळांसकट उचलून आम्ही कांजूरला नेला होता,
तो जगला का विचारायला मी दोनदा फोन केला.
पलीकडचा म्हणाला, कुठला भेंड?

दारातला उतार बारास एक हवा.
आमच्याच दारातला आठास एक आहे.
पट्टी लावून मोजला, जुनी खोड.
लेखा विभागातले जयवंत तांडेल
चाकांच्या खुर्चीतून मागच्या मालाच्या लिफ्टने येतात,
खोक्यांच्या सोबतीने,
आणि वॉचमन त्यांचं नाव रोज सकाळी
आवक मालाच्या वहीत लिहितो.
चौदा वर्षं.
जावक कधी झालीच नाही, ते म्हणतात,
म्हणजे मी अजून स्टॉकमध्येच.

पान एकेचाळीस रुकैया परकारचं.
फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा इकडे बघा,
आणि जीभ चावली.
ती हसली. तोंड मात्र खिडकीकडे केलं,
जिथून एक विमान उतरत होतं.

तिचं काम असं, की स्टेशन उघडायच्या आधी
रिकाम्या फलाटावर एकटीने चालायचं.
पिवळ्या फरशा, तळव्याखाली.
रेघा म्हणजे चाला.
ठिपके म्हणजे थांबा, पुढे कड आहे.
एकदा ठिपके संपले म्हणून कंत्राटदाराने
शेवटच्या चार फरशा रेघांच्याच बसवल्या.
ती थांबली. एका पावलावर.
कशामुळे, विचारलं तर म्हणाली, वाऱ्यामुळे,
रुळांवरचा वारा खालून येतो.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
अहवालात ते 'एक निरीक्षण' आहे.

मुखपृष्ठ एजन्सीने केलं.
'सगळ्यांसाठी' हा एकच शब्द, ब्रेलमध्ये,
सोनेरी, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा.
मीटिंगमध्ये माना डोलल्या.
माझीही डोलली, खोटं का बोला.

पहिली प्रत तिला नेऊन दिली.
तिने बोट फिरवलं.
पुन्हा फिरवलं, हळू, डावीकडून.
प्रत पालथी केली, पाठीवरूनही हात फिरवला.
कागद चांगला आहे हो, नाखरे, ती म्हणाली,
पण लिहिलंय कुठे?

शाई होती. नुसती शाई.
सायीसारखी गुळगुळीत.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अरेरे.
मग म्हणाले, पाचशे छापून झाल्यात,
आणि तसंही, ज्यांना दिसतं त्यांना कळतंय ना भावना?

संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर
मी मुलाच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक आणलं,
खाली रबराची चटई घातली,
आणि मागच्या बाजूने एकेक ठिपका टोचायला बसलो.
ज्या हातांनी बोल्ट टाकून बघितले
ते हात एका कागदापुढे थरथरत होते.
सात प्रती झाल्या. अंगठ्याला फोड.

दुसऱ्या दिवशी एक तिच्यापुढे ठेवली.
बोट चाललं, अडलं, मागे आलं.
तिच्या कपाळाला आठी,
मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी.
उलटीकडून टोचताना आरशासारखं टोचायचं असतं,
ती म्हणाली, तुम्ही सुलटंच टोचलंत.
भलताच काहीतरी शब्द झालाय.

कुठला?

सांगण्यासारखा नाही.

आणि तिने बोट उचललं नाही,
पुन्हा सुरुवातीला नेलं.
पण लागतंय हाताला, म्हणाली.