संकष्टी, मार्केट यार्ड, सांगली

पोत्यांच्या सावलीत अनसाक्का डबा उघडते.
साबूची खिचडी, वर शेंगांचं कूट.
नातवाच्या मांडीवर शाळेचं पुस्तक.

"आक्का, बटाटा पेरूतनं आलाय."
"पेरूत बिया असत्यात, लेकरा."
"तसला न्हवं. देश हाय."

मिरची, शेंगा, साबूचा कंदसुद्धा
जहाजातनं आलेला,
समुद्रापल्याडनं.

घास हातातच राहतो.
"मग गणपतीला चालतंय कसं?"
ते धड्यात नाही.

"आन् आपलं काय गेलं तिकडं?"
तो पानं उलटतो, मागं, पुढं.
पलीकडं ट्रकात हळद चढतेय,
पोत्यांवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं.

जिऱ्याचं विचारायचं राहूनच जातं.
उरलेली खिचडी ती त्याच्याकडं सरकवते,
नळावर हात धुते.
पिवळा तो पिवळाच.