कोमट

चौथ्या दिवशी नळ येतो, रात्री अडीचला.
चौदाव्या दिवशी केमो.
एकाच कॅलेंडरवर दोन्ही मांडते,
नळाला टिंब, केमोला फुली.

मे महिना. विडी घरकुलातल्या भिंती
सकाळी नऊलाच हाताला चटका देतात,
आणि मी गॅसवर पाणी कोमट करत बसते
एका माणसाच्या प्यायला.
कलावती विचारते, अक्का, ताप आहे का कुणाला?
काय सांगू. या औषधाला गार सोसत नाही.
माठाला बोट लागलं तरी काचा घुसतात,
स्टीलचा तांब्या चावतो.
चव्वेचाळीस डिग्रीत हे लोकरीचे मोजे घालून बसतात,
आणि गोळेवाल्याची घंटा वाजली
की हात काखेत घालतात.

तीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
लघवी लाल झाली तेव्हा म्हणाले,
रंगखात्यात गेलो होतो, तिथलंच काहीतरी असेल.
तीन आठवडे असंच म्हणाले.

सिव्हिलमध्ये सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच:
विडी ओढतात?
ओढत नाहीत. मी वळते.
सतराव्या वर्षापासून, दिवसाला हजार.
तंबाखूचं सूप माझ्या मांडीवर,
आणि त्याच खोलीत यांचं जेवण, यांची झोप.
मी खाली मान घालून उभी होते.

मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
आईच्या पोटात असताना
बेंबीपासून मूत्राशयापर्यंत एक नळी असते.
जन्माआधी मिटते, दोरी होऊन पडून राहते.
लाखातल्या एखाद्याचं त्या दोरीतच बिनसतं.
म्हणजे तंबाखूचं नाही?
मी दोनदा विचारलं.
नाही, त्या म्हणाल्या, दोन्ही वेळा.

आणि मला, आता लपवून काय करू,
हलकं वाटलं.
काळ्या फिल्मवर फुफ्फुसात चार ठिपके,
समोरच उजेडात लावलेले,
आणि मला हलकं वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.
बोड्डू, त्या म्हणाल्या. बेंबीला आम्ही बोड्डू म्हणतो.
मग गप्प. ताटात भाकरी तशीच.
पहाटे मोरीपाशी एकट्याच बोलत होत्या,
पोशव्वा चांगली दाई होती,
ब्लेड उकळून घेतलं होतं.
माझ्या मांडीवरून जे उतरलं
ते त्यांच्या पोटात जाऊन बसलं.

केमोच्या हॉलमध्ये एसी.
घरून चादर नेतो, जाडी, मोरांची.
सलाईन चालू असताना यांना तिच्यात खोट दिसली.
इथं तार तुटलीय, म्हणाले, जोडलीच नाही कुणी.
बोटाने शोधू लागले.
डोळ्यांना दिसणारी तार
बोटाला सापडेना.
बराच वेळ. मग चादर उलटी करून घेतली.

पंप कमरेला बांधून घरी सोडतात, शेचाळीस तास.
अशोक चौकात कुणीतरी हाक मारली,
काय मल्लेशम, पिशवीत काय? भिशी गोळा करतोस?
हो, म्हणाले. तुझे किती लिहू?
रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

आता माझे कट्टे मोजतात, पंचवीस पंचवीस.
चुकतात.
झोपले की मी पुन्हा मोजते.

काल अडीचला नळ आला.
मी घागर लावली, सासूबाई हंडे सरकवत होत्या.
हे उठून दारात.
पाणी कसंय, विचारलं.
उजनीचं पाणी, म्हटलं, कसं असणार.
हात काही पुढे केला नाही.
सासूबाई उठल्या. ओला हात लुगड्याला पुसला,
गालाला लावून पाहिला, पुन्हा पुसला,
आणि यांच्या बनियनवरून
बेंबीपाशी ठेवला.
कुणी काही बोललं नाही.
घागर भरून वाहत होती, माझं लक्ष नव्हतं.
नळ गेला तेव्हा
दोन हंडे रिकामेच राहिले.