खोकला संपेपर्यंत

रत्नव्वा ऐहोळे बोलायची तेव्हा
अँप्लिफायरचं बटण मी दोन खुणा वर ठेवायचो.
अब्बांची ताकीद होती: ही बाई ओरडत नाही,
आणि तिला ओरडायला सांगायचं नाही.

निपाणीत तेव्हा दोनच साउंड सर्व्हिस,
एक लग्नांची, एक आमची.
दोन कर्णे, एक माईक,
माईकच्या जाळीला आधीच्या सगळ्या पुढाऱ्यांच्या
तोंडाचा वास.
रत्नव्वा पदरानं जाळी पुसायची.
पहिलं वाक्य कायम एकच:
"मागं ऐकू येतंय काय?"
मागून कुणी न्हाई म्हटलं
तर पुढच्यांना सरकून जागा करायला लावायची.
आवाज चढवायची नाही.

आणि भर भाषणात थांबायची.
मला वाटायचं, वायर सैल झाली.
पळत जाऊन पिना दाबायचो, ठोकायचो.
लई दिवसांनी कळलं,
ती बायांच्या खोकल्यासाठी थांबते.
दिवसभर वखारीत तंबाखू चाळून आलेल्या,
छातीत खाट बसलेल्या बाया.
एकीला उबळ आली की दहाजणींना यायची.
शेवटचीचा श्वास जागेवर येईपर्यंत
रत्नव्वा उभी. हात पोटावर.
मग सोडलेलं वाक्य तिथूनच उचलायची,
मराठीत सोडलेलं कधी कानडीत पुरं व्हायचं
आणि शिवण कुणाला दिसायची नाही.

पेपरात छापून आलं:
वक्तृत्वातील विराम अत्यंत प्रभावी.

धरण्याच्या बाविसाव्या दिवशी
कुणीतरी वीज तोडली.
कर्णे मेले.
गाडीतून पोलीस उतरत होते,
काठ्या मोजता येत होत्या, मी मोजल्या, एकतीस.
पोरं दगडासाठी वाकली.
रत्नव्वानं माईक माझ्या हातात दिला,
शेजारणीचा उसना तांब्या परत करावा तसा,
आणि घरातल्या आवाजात म्हणाली,
"बसा. कुंद्री."
पहिल्या रांगेनं ऐकलं, वळून दुसरीला सांगितलं.
बसा. कुंद्री. बसा.
शब्द मागं मागं जात राहिला,
त्याच्या पाठोपाठ लुगड्यांची सळसळ,
पार चिकोडी रोडच्या कोपऱ्यापर्यंत,
जिथं आमचा कर्णा कधी पोचला नव्हता.
वाकलेली पोरं वाकल्या जागी टेकली.
"अंजब्याड्री. भिऊ नका.
हातात काय असंल ते खाली ठेवा."
हेही गेलं, तोंडातोंडी.

काठ्या पडल्या.
पडल्या नाहीत असं मी लिहिणार नाही.
हवा बदलली की माझ्या आईच्या डाव्या मनगटाला
अजून आधी कळतं.
पण कुणी उठलं नाही.

आता कुणी कुणी विचारायला येतं,
काय बोलायची हो ती?
मला एक भाषण सलग आठवत नाही.
एक कॅसेट होती,
तिच्यावर अब्बांनी नंतर कुणाच्या तरी वरातीचा बँड भरला.

आठवतं ते निराळंच.
संप मिटून महिना झाला असेल.
मी डबा घेऊन वखारीच्या दारात.
मुनीम आईचं पोतं तोलत होता.
माझी आई, मलिकाबी,
जी घरात मीठ संपलंय हेसुद्धा
दुसऱ्या दिवशी सांगायची,
ती खोकली.
थांबली. खोकला पुरता संपू दिला.
आणि म्हणाली, चढ नाही, उतार नाही,
"काटा परत लावा."

मागं ऐकू गेलं नसावं,
म्हणून तिच्या मागची वळून म्हणाली, काटा परत लावा.
तिच्या मागचीनं कानडीत सांगितलं.
मग दारापर्यंत, आणि दारात मी होतो,
माझ्या मागं कुणी नव्हतं,
तरी मी वळून रस्त्याला सांगितलं.

मुनीमानं वर बघितलं.
दांडीला टेकवलेलं बोट काढलं.

सव्वा किलोचा फरक निघाला.