शेरा

टेबलावर सात बशा, बशीत वीस-वीस फळं.
शिंदी म्हणतो आम्ही. बोराएवढी, जराशी लांबट,
पोटात एकच आठोळी, तीही हट्टी.
मी वजन करते, कॅलिपर लावते,
एक थेंब काचेवर पिळून साखर वाचते
आणि आकडे मांडते वहीत, रकान्यामागून रकाना.

ओतियाचं बाटलीच्या आकाराचं: सहा ग्रॅम,
आठोळी नावापुरती, गर भरघोस.
तो दारात उभा, टोपी हातात,
पोराचा निकाल ऐकायला आल्यासारखा.
लामाराचं पिवळं: दिसायला मध,
चवीला कोमट पाणी.
हे तिच्यासमोर लिहिलं नाही.
मत्क्वारीकाठच्या चार बशा
एकमेकींच्या सख्ख्या बहिणी,
फरक असलाच तर दशांशचिन्हानंतरचा.

सातवी शुशानाची.
दोन ग्रॅम, त्यातही चौथाई आठोळी.
साखर सगळ्यांत कमी, आणि आंबट इतकी
की माझा डावा डोळा आपोआप मिटला.
शेवटचा नंबर. तसं सांगून टाकलं.

ती रागावली नाही.
'कधी खुडलीस?'
'मंगळवारी. सगळी एकाच दिवशी, नियम आहे.'
'खुडलीस,' ती म्हणाली,
जशी एखादी म्हणते, झोपेतून उठवलंस.

ऑक्टोबरात तिने बोलावलं.
झाडाखाली जुनी घोंगडी अंथरलेली,
गोठ्यातली गाय आमच्याकडे बघत.
वारा नव्हता. आम्ही बसलो.
ती मोजे विणत होती, मी घड्याळ बघत होते.
बराच वेळ काहीच नाही.
मग टप.
मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

काळपट, सुरकुतलेलं, बोटांत धरताच मऊ.
आंबटपणा होताच, गेला नव्हता कुठे,
पण आता तो सरकून बसला होता,
शेजारी कुणाला तरी जागा देऊन.
कुणाला, ते कळेना. दुसरं उचललं.
यंत्र ऑफिसात राहिलेलं.
आठोळ्या मी खिशात ठेवल्या, सोळा.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
त्यात लिहिलं: पडेपर्यंत थांबावे.
साहेबांनी लाल पेनने विचारलं, किती दिवस?

परवा बाजारात ओतिया भेटला.
'पहिलं माझंच ना?'
हो म्हटलं. आकड्यांत तरी तेच आहे.
त्याने मूठभर दिली, मोठी, चकचकीत.
चालता चालता खाल्ली. चांगली होती.