कलम सात

सांख्यिकीची तोंडओळख. मंगळवार-गुरुवार,
संध्याकाळी सहा ते सव्वासात, खोली दोनशे चौदा.
डुलुथचा जानेवारी आहे, हीटर नुसताच खडखडतो,
खिडकीपाशी बसणाऱ्यांनी कोट काढू नये.
मी लोर्ना केटोला.
डॉक्टर म्हणू नका, ते राहूनच गेलं.

हातात पडलेली चार पानं तुम्ही वाचणार नाही,
म्हणून मी वाचते.

विषय एवढासाच: शितावरून भाताची परीक्षा.
शीत कुणी उचललं, कुठून उचललं,
आधी भांडं ढवळलं होतं का,
यालाच सोळा आठवडे लागतात.

कॅल्क्युलेटर साधा आणा, बारा डॉलरचा.
फोन नको. फोनला उत्तर येतं,
उत्तर खुळं आहे का, ते त्याला कळत नाही.
एकाने आयांचं सरासरी वय चारशे बारा काढलं होतं,
खाली दोन रेघा मारून.

गृहपाठ उशिरा दिलात तर अर्धे गुण.
आजी वारली असेल तर पूर्ण.
पुरावा मागत नाही.
दर सेमिस्टरला परीक्षेच्या आठवड्यात आज्या जास्त वारतात,
हे मी मोजलेलं आहे,
आणि तरीही मागत नाही.

सगळ्यात वाईट चाचणी मी सोडून देते.
नक्कल केलीत तर तुम्हाला.

आता कलम सात. हे पूर्वी नव्हतं.

वेन्डेल ओयेन, खनिजाच्या बोटीवरचा खलाशी,
हिवाळाभर बोटी धक्क्याला बांधलेल्या, म्हणून वर्गात.
पहिल्या रांगेत बसायचा, बोटांना ग्रीसचा वास.
एक्क्याण्णव, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव, सत्त्याऐंशी.
सरासरी एकोणनव्वद.
मार्चअखेर सरोवराचं बर्फ फुटलं,
बोट निघाली, त्यावर तोही.
पुढच्या तीन चाचण्यांपुढे मी तीन शून्यं लिहिली.
नियमच होता तसा.
सरासरी पंचावन्न पूर्णांक सहा.
नापास.
त्याचं एक पोस्टकार्ड आलं, कुठल्याशा बंदरातून:
आकडेमोड तपासली मॅडम, बरोबर आहे.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहीत होते,
एकोणीस वर्षं लिहीत आले तेच वाक्य:
जे मोजलंच नाही, ते शून्य नव्हे.
पाठच्या बाकावरून रेनेल डेफोने विचारलं
(वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची,
वर्गात अर्धे डोळे मिटलेले असायचे):
मग वेन्डेलच्या नावापुढे काय आहे?

हातातला खडू तसाच राहिला.
दिव्याखालचा अंधार म्हणतात,
पण दिवा आपल्याच हातात असतो तेव्हा
तो बोटांवर पडतो.

तर कलम सात:
आला नाहीत, तर चौकट रिकामी राहील.
रिकामी म्हणजे रिकामी.
आधी सांगा, नंतर सांगा, बोटीवरून सांगा,
आपण ती कधीतरी भरू, किंवा नाही भरू,
पण जे घडलं नाही त्याचा आकडा
मी माझ्या हाताने लिहिणार नाही.

कॉलेजचं नवं सॉफ्टवेअर
रविवारी मध्यरात्री सगळ्या रिकाम्या चौकटींत
आपोआप शून्य भरतं.
तीनदा अर्ज केला. सेटिंग बदलत नाही म्हणतात.
म्हणून सोमवारी पहाटे पाचला उठून, कॉफी ठेवून,
मी ती एकेक खोडते.
पानावर हे लिहिलेलं नाही.

वेन्डेल परत आला का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं.
एकच शीत आहे ते,
आणि मी भांडं ढवळलेलं नाही.
त्यावरून काही ठरवू नका.

हजेरी घेते.
नाव चुकीचं उच्चारलं तर थांबवा मला,
पहिल्याच दिवशी.