तिबनीन

माझं नाव एका गावाचं आहे.
लेबनॉनमधलं गाव, मी पाहिलेलं नाही.
बाबा तिथल्या नाक्यावर निळी टोपी घालून उभे होते
आणि मी इथे, सावुसावूत, जन्मले.
तार पोचायला नऊ दिवस लागले.

आमच्यात हे आजोबांपासून चालत आलंय.
ते मलायाच्या जंगलात होते, म्हणून आत्या मलाया.
धाकटा भाऊ सिनाई,
पायाला वाळू लागली तरी धुवायला पळायचा.

शनिवारी म्हातारे चटईवर जमतात.
करवंटीतून यांगोना फिरते,
घेण्याआधी एक टाळी, प्यायल्यावर तीन.
विलिमोनीकाका जैतुनाच्या झाडाची उंची दाखवतात;
दर वेळी झाड वीतभर वाढलेलं असतं.
कुणी म्हणे पहिल्यांदाच बर्फ पाहिला
आणि बायकोला पाठवायला बिस्किटाच्या डब्यात भरला!
हसता हसता अपेनिसाकाकांची कवळी निसटते.

मग कुणीतरी एका टेकडीचं नाव घेऊ लागतं.
अर्धंच.
बाबा करवंटी पुढे करतात.
टाळी.

त्या टेकडीचं नाव
आमच्या गावात एकाही पोराला नाही,
हे माझ्या लक्षात आलं
तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

काल गोलानहून सिनाईचा फोन आला.
त्याची बायको इकडे दवाखान्यात, मुलगा झालाय.
नाव काय ठेवू, विचारत होता.
बाबांनी रेडिओ बंद केला,
फोन कानाशी धरून बराच वेळ गप्प बसले.
तिकडे पैसे जात होते.

शेवटी म्हणाले,
घरामागच्या ओढ्याचं ठेव.
तिथे आपल्यातल्या कुणी
कधी पहारा दिलेला नाही.