गेज

चेंबर बदललं. नवं म्हणजे
राजापुरात भंगारात पडलेल्या दुसऱ्या फियाटचं.
पॅकिंग नवी, फिल्टर नवा,
गेजची पट्टी मात्र कुठल्या गाडीची, देव जाणे.
माझी मोडली नळीतच,
खाऱ्या वाऱ्याने पोखरलेली.

दाऊद होडेकर मूळचा बोटींच्या इंजिनांचा.
माझी गाडी तो हातात घेतो, कारण
त्याच्या तिन्ही मुली माझ्या हातावर झाल्या
आणि पैशाचं बोलणं आमच्यात
अजून एकदाही नीट झालेलं नाही.

आरोग्यकेंद्रातला मापाचा मग मीच आणला होता.
तीन वेळा काठोकाठ रेघेला,
वर एक पाव, फिल्टरच्या वाटचं.
म्हटलं, बघ पट्टी आणि जाऊ दे मला.
तो म्हणाला, इथं?

त्याचं गॅरेज उतारावर, माझं घर उतारावर,
शाळा, मशीद, बंदराचा रस्ता, सगळं घरंगळणारं.
आमच्या गावात सपाट दिसतो
तो एकटा समुद्र.

म्हणून सड्यावर गेलो, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू.
वाळकं गवत, काजूला मोहोर, कातळ तापलेला.
दाऊदने गवंड्याची नळी काढली,
पाण्यात नीळ घातलेली,
एक टोक माझ्या हातात, पुढच्या चाकाशी,
दुसरं घेऊन तो मागे.
सडासुद्धा दोन बोटं खोटा निघाला.
डाव्या चाकाखाली कौलाचा तुकडा सारला,
मग निळं पाणी दोन्हीकडे एका रेषेत आलं.

इंजिन पाच मिनिटं चालवलं.
नवा फिल्टर आधी स्वतः पितो, म्हणाला,
मग बाकीच्यांना वाढतो.
बंद केलं. मी लगेच पट्टीकडे हात नेला,
त्याने तिच्या कडीवर बोट ठेवलं.
तेल वर अडकलंय अजून, बाय. उतरू दे.
होडीत तर लेव्हल अशी नसतेच,
भरती भरून घटकाभर थांबते ना,
तेव्हा बघायचं.

एकतीस वर्षं मी लोकांना सांगितलं,
चढण चढून आलात, बसा दहा मिनिटं,
पाय टेका, बोलू नका, मग बांधते पट्टा.
पुरुष चौथ्या मिनिटाला उठायचे.
मी चौथ्या मिनिटाला उठले.

बस गो, म्हणाला दाऊद.
आत कुठेतरी थेंब पडत होते
किंवा गार होणारं लोखंड टिकटिकत होतं.
एक टिटवी ओरडली, गप्प झाली.
मग तो म्हणाला, कौलाकडे बघत,
नसीमाला सातवा लागलाय, माणगावला.
वजन वाढत नाही म्हणतात.
तुमचं गेज चुकतं का कधी?

चुकतं, म्हटलं.
काटा आधी शून्यावर आणला नाही तर चुकतं.
चपला काढल्या नाहीत तर.
परत करायला सांग, त्याच काट्यावर, सकाळी.
आणि मला आकडे कळव, दोन्ही.

त्याने पट्टी काढली, फडक्याने पुसली,
पुन्हा घातली शेवटपर्यंत, काढली.
तेल वरच्या खुणेच्याही वर, दोन बोटं.
मी एकटी असते तर काढून टाकलं असतं,
लिटरभर, पट्टीवर विश्वास ठेवून.
दाऊद हसला.
माप तर तुझ्याच मगाचं.
तेल खरं, पट्टी परकी.

तिकोनी कानस खिशातच होती.
तेल जिथे संपत होतं तिथे
नखाने धरून, तीन घासण्यांत,
त्याने एक खूण पाडली. किंचित तिरकी.

आणि खालची?
ती लिटरभर काढल्याशिवाय नाय कळायची.
आज अंधार झाला.

कौल उचललं, निळी नळी गुंडाळली.
उतारावर ब्रेक मी दाबत होते
आणि तो, खिडकीबाहेर तोंड काढून,
रेंज शोधत ओरडत होता फोनमध्ये,
काटा शून्यावर होता काय, ते विचार.
नाय, आधी. चढायच्या आधी.